गाठीचा शेजार

मेंदूतल्या गाठीचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं आधी शेवटची ओळ शोधतात. गाठीचं नाव आणि ग्रेड तिथं असते. तिच्या वरच्या आठदहा ओळींत आयडीएच, ईजीएफआर, एमजीएमटी, केआय-६७ अशी नावं असतात आणि ती बहुधा न वाचताच राहतात. सुरगाणा-कळवणहून किंवा निफाड-सिन्नरहून नाशकात आलेल्या कुटुंबापुढे त्या घटकेला वेगळेच प्रश्न असतात. ऑपरेशन इथंच करायचं की टाटाला न्यायचं, शेक किती दिवस, राहायचं कुठं, पैसा कसा उभा करायचा. डॉक्टरांजवळही सविस्तर सांगायला सवड नसते. तरी पुढचा उपचार ठरतो तो त्या वरच्या ओळींवरून. गेल्या चाळीसेक वर्षांत मेंदूच्या गाठींबद्दल जे खरोखर नवं कळलं, त्यातलं बरंचसं त्या आखूड नावांत साठलं आहे. मराठी वाचकाला ते मराठीत कळावं, यासाठी हा लेखसंग्रह.

संग्रहातले लेख दोन गोष्टींभोवती फिरतात. एक म्हणजे रिसेप्टर. पेशीच्या आवरणात रोवलेली ही प्रथिनं. त्यांचं बाहेरचं टोक ठरावीक रेणू पकडतं आणि आतलं टोक पेशीला कामाला लावतं. वाढ, विभागणी, स्थलांतर, इतकंच काय मरणसुद्धा, पेशी बहुतेक वेळा रिसेप्टरवर येऊन बसलेल्या रेणूंच्या सांगण्यावरून पत्करते. दुसरी गोष्ट दाह. इजा झाली, जंतू शिरला, की रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी त्या जागी जमतात, मोडतोड उचलतात, नवं ऊतक उभं राहतं आणि मग सगळं निवतं. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय दूरदूरच्या प्रकरणांत असतात. मेंदूच्या गाठीत मात्र ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाला सोडून दुसरा समजत नाही. दाहाच्या पेशींनी सोडलेले रेणू गाठीच्या पेशींच्या रिसेप्टरांवर बसतात आणि त्यांना वाढवतात. चेतलेल्या गाठीच्या पेशी आणखी दाहपेशींना बोलावणारे रेणू सोडतात. द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर डोळे फुटतात, पण किती फूट ठेवायची आणि शेंडा कधी मारायचा हे बागायतदाराच्या हाती असतं. गाठीत फुटण्याचा हुकूम सुटलेला असतो आणि शेंडा मारणारं कुणी नसतं.

माझं या प्रस्तावनेतलं म्हणणं एवढंच आहे की गाठीकडे एकट्या बिघडलेल्या पेशीची करणी म्हणून पाहिलं, तर गेल्या पंचवीस वर्षांतली उपचारांची अपयशं उलगडत नाहीत. तिचा शेजार धरून पाहिलं की उलगडू लागतात.

या दृष्टीची मुळं जुनी आहेत. जर्मन विकृतितज्ज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चेतापेशींच्या मधल्या ऊतकाला न्यूरोग्लिया हे नाव दिलं, त्यातून उगवणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हटलं, आणि १८६३ च्या सुमारास गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात हे पाहून कर्करोगाचा उगम जुनाट दाहाच्या जागी होत असावा असा तर्क मांडला. ग्लायोमाचं नाव आणि दाहाचा तर्क एकाच माणसाकडून आले, आणि पुढची शंभरेक वर्षं दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी गेले. १९१९ मध्ये स्पेनमध्ये पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची नवी रीत वापरून मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी, वेगळ्या करून दाखवल्या. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी ग्लायोमांचं वर्गीकरण केलं. पेशी दिसते कशी यावर ते उभं होतं आणि त्याची चौकट जवळजवळ ९० वर्षं टिकली. दरम्यान इंग्लंडमध्ये जॉन लँग्ली आणि जर्मनीत पॉल एर्लिख यांनी, औषध काम करतं ते पेशीतल्या ठरावीक पदार्थाला चिकटून, ही कल्पना विसाव्या शतकाच्या तोंडावर मांडली होती. रिसेप्टर कुणी पाहिलेला नव्हता. तो असल्याशिवाय आपल्या प्रयोगांचा अर्थ लागत नाही, एवढं त्यांना दिसलं होतं.

मुंबईत या विषयाची सुरुवात वेगळ्या तऱ्हेनं झाली, आणि ती आपल्या वाचकानं जाणून घ्यायला हवी. टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पुढे १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले संचालकही तेच. खारघरची आजची ॲक्ट्रेक ही त्याच परंपरेतली संस्था. खानोलकरांचा मुख्य अभ्यास मुखाच्या कर्करोगाचा आणि कुष्ठरोगाचा. तंबाखू आणि चुना गालात धरल्यानं वर्षानुवर्षं होत राहणारी इजा आणि पुढे तिथंच उगवणारा कर्करोग, यांचं नातं त्यांच्या पिढीनं या शहरातल्या रुग्णांत पाहिलं. जुनाट इजा आणि गाठ यांचा संबंध आपल्याकडे असा तोंडाच्या कर्करोगातून आला, मेंदूतून नाही.

मेंदूच्या बाबतीत मुंबईच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न उलटा होता. क्षयाची बाधा मेंदूत पोचली की तिथं ट्यूबरक्युलोमा नावाची गाठ धरते. ती कर्करोग नव्हे. ती दाहाच्या पेशींनी जंतूंभोवती बांधलेली भिंत असते. विसाव्या शतकाच्या मध्याला आपल्याकडे कवटीत सापडणाऱ्या गाठींत अशा ट्यूबरक्युलोमांचा मोठा वाटा होता. डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूची कमजोरी, दोन्हींची लक्षणं सारखीच. सीटी स्कॅन येण्याआधी पुष्कळदा कवटी उघडल्याशिवाय खात्री होत नसे, आणि उघडल्यावरही खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच व्हायचा. केईएमचे मेंदूशल्यचिकित्सक होमी दस्तूर आणि जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या ऊतकांचा अभ्यास उभा करणारे दाराब दस्तूर यांनी मेंदूच्या क्षयावर जे काम केलं ते जगभर वाचलं गेलं. 'गाठ आहे की दाह?' हा त्या पिढीचा रोजचा प्रश्न होता, आणि रुग्णाचा जीव त्याच्या उत्तरावर अवलंबून असे. एमआरआयमध्ये कडेनं उजळणारं कडं दिसलं की आजही नाशिकच्या डॉक्टरांना हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. क्षय आणि मेंदूत अशीच गाठ धरवणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या, दोन्ही आपल्याकडून गेलेली नाहीत. फरक इतकाच पडला की गाठ कर्करोगाची ठरली म्हणून दाहाचा विचार तिथं संपत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे.

रिसेप्टरांची गोष्ट उंदराच्या पिल्लांच्या पापण्यांपासून सुरू होते. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे ठरल्या वेळेच्या बरेच आधी उघडले. त्या अर्कातून १९६२ मध्ये त्यांनी ईजीएफ हा वाढीचा रेणू वेगळा केला; पुढे त्याचा रिसेप्टर सापडला, तोच ईजीएफआर. चेतापेशींच्या वाढीचा रेणू शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, ग्लायोमाच्या काही गाठींत ईजीएफआरच्या जनुकाच्या अनेकपट प्रती सापडल्याचा शोध प्रसिद्ध झाला होता. पुढे कळलं की ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकाराच्या, सुमारे ४० टक्के गाठींत हे होतं, आणि त्यातल्या निम्म्या गाठींत रिसेप्टरचा एक तुटका प्रकार असतो. बाहेरचा तुकडा गळालेला असल्यानं त्याला संदेशाच्या रेणूची वाटच पाहावी लागत नाही. तो कायम चालू राहतो. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पानं सर्वांत आधी ग्लायोब्लास्टोमाच वाचायला घेतला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. वाढीच्या रिसेप्टरांपासून पेशीच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या संदेशमार्गात कुठे ना कुठे बिघाड १०० पैकी ८८ गाठींत निघाला.

त्या वेळी सगळ्यांना वाटलं की आता सुटलं. रक्ताच्या एका कर्करोगात इमॅटिनिबनं २००१ मध्ये चमत्कार वाटावा असं यश दिलं होतं, फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर बंद करणाऱ्या गोळ्या चालत होत्या. त्याच गोळ्या ग्लायोब्लास्टोमात दिल्या गेल्या आणि चालल्या नाहीत. तुटक्या रिसेप्टरवर नेमकी रोखलेली रिंडोपेपिमट ही लस मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकली नाही. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. आयुष्याचा हिशेब आजही बव्हंशी २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या पद्धतीवर उभा आहे: ऑपरेशन, सहा आठवडे रेडिएशन आणि त्याबरोबर टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध. त्या चाचणीत मध्यम आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं, आणि दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर. महिने थोडेच वाढले. पण ज्या घरात ते वाढतात त्या घराला विचारा. नाशिकहून जाणारी किती तरी माणसं ते सहा आठवडे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढत आली आहेत.

रिसेप्टरची औषधं का हरली, यावर संग्रहातला सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. पहिलं कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा. पुष्कळ औषधं त्यातून पुरेशी पलीकडे जातच नाहीत. दुसरं, एकाच गाठीत एकाच वेळी तीनचार वेगवेगळे रिसेप्टर चालू असतात, एक बंद केला की दुसरा भार उचलतो. तिसरं कारण २०१४ मध्ये उघड झालं. तुटक्या ईजीएफआरचं जनुक बऱ्याचदा गुणसूत्रांवर नसतं, सुट्या वर्तुळाकार डीएनएच्या तुकड्यांवर असतं. औषध सुरू असेपर्यंत पेशी ते तुकडे टाकून देतात, औषध थांबलं की त्यांची संख्या पुन्हा वाढते. गाठ औषधाला टक्कर देत नाही, ती त्याच्या वाटेतून बाजूला होते आणि नंतर परत येते.

चौथं कारण मात्र आपल्या विषयाचा गाभाच आहे. तुटका रिसेप्टर असलेल्या पेशी गाठीत बहुधा थोड्याच असतात. मग त्या थोड्या पेशी साऱ्या गाठीला इतकी आक्रमक कशी करतात? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं की या पेशी आयएल-६ आणि एलआयएफ नावाचे रेणू बाहेर सोडतात. हे दोन्ही दाहाच्या कुळातले रेणू. ते शेजारच्या, तुटका रिसेप्टर नसलेल्या पेशींवर बसतात आणि त्या पेशींचे साधे ईजीएफआर चेतवतात. म्हणजे एका पेशीतला रिसेप्टरचा बिघाड दाहाच्या भाषेत शेजारणीपर्यंत पोचतो आणि शेजारणीच्या रिसेप्टरला जागं करतो. हा एक अभ्यास नीट समजला तर रिसेप्टर आणि दाह यांची वेगळी खाती का चालत नाहीत, हे समजतं. संग्रह वाचताना वाचकानं तो भाग घाईनं ओलांडू नये अशी माझी विनंती आहे.

दाहाच्या बाजूनं येणारे लोक याच जागी दुसऱ्या वाटेनं पोचले. बॉस्टनचे हॅरल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये लिहिलं की गाठ ही न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. रक्तवाहिन्या गळक्या करणारा, पुढे व्हीईजीएफ म्हणून ओळखला गेलेला रेणू त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. ग्लायोब्लास्टोमात रक्तपुरवठा न पोचलेले भाग मरतात, त्यांच्या कडेच्या गुदमरलेल्या पेशी हा रेणू सोडतात, नव्या वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी झिरपून मेंदू सुजतो. १९८६ मध्येच रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला मुख्य दाह-स्विच शोधला. ज्या ग्लायोब्लास्टोमांत हा स्विच जोरात चालू असतो त्या मेसेंकायमल नावाच्या, दाहपेशींनी भरलेल्या आणि रेडिएशनला दाद न देणाऱ्या गटाकडे झुकतात.

आणि मायक्रोग्लिया? ओर्तेगांच्या त्या राखणदार पेशी आणि रक्तातून आलेले त्यांचे भाऊबंद मॅक्रोफेज मिळून काही गाठींचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा भाग व्यापतात. म्हणजे शल्यचिकित्सक जी गाठ काढतो तिच्यातल्या कितीतरी पेशी कर्करोगाच्या नसतातच. या पेशी जगतात सीएसएफ-१ या रेणूच्या रिसेप्टरवर. २०१३ मध्ये योहाना जॉइस यांच्या गटानं उंदरांत हा रिसेप्टर औषधानं बंद केला, तेव्हा मॅक्रोफेज मेले नाहीत, पण त्यांनी गाठीला मदत करणं सोडलं आणि गाठी आक्रसल्या. तीन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की निम्म्याहून अधिक उंदरांत गाठ पुन्हा उगवते, कारण तेच मॅक्रोफेज आता आयजीएफ-१ सोडू लागतात आणि गाठीच्या पेशींवरचा त्याचा रिसेप्टर चेतवतात. माणसांतल्या पहिल्या चाचणीत तर या औषधाचा फायदा दिसलाच नाही. रिसेप्टर अडवला तर दाहातून वाट निघते, दाह अडवला तर दुसऱ्या रिसेप्टरमधून. संशोधकांच्या दोन घराण्यांना हे एकमेकांकडून शिकावं लागलं.

तिसरं घराणं मूळपेशीवाल्यांचं. २००४ मध्ये टोरोंटोत शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी गाठीतल्या थोड्याच पेशींत नवी गाठ उभी करण्याची ताकद असते असं दाखवलं. चौथं सगळ्यात नवं: चेतापेशीच गाठीला खतपाणी घालतात असं म्हणणारं. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया आणि हायडेलबर्ग इथल्या गटांनी दाखवलं की ग्लायोमाच्या पेशी चेतापेशींशी खरेखुरे सिनॅप्स जोडतात आणि ग्लुटामेटच्या रिसेप्टरांतून आलेल्या विजेवर वाढतात. या दोन्हींवर संग्रहात एकेक छोटा लेख आहे; चौथं घराणं अजून वाढतं आहे, त्यावर शेवटचा शब्द लिहायची घाई आम्ही केलेली नाही.

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा या नकाशावर कुठे आहेत? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस यांच्या गटानं रुग्णाच्या गाठीतून एचएनजीसी नावाच्या पेशींच्या ओळी वाढवल्या. एका ओळीतल्या पेशी गाठ न करणाऱ्या, दुसरीतल्या गाठ करणाऱ्या, आणि पहिलीपासून दुसरी कशी होते हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिलं. ॲक्ट्रेकमध्ये डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटानं मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे चार आण्विक प्रकार साध्या मेणात जतन केलेल्या तुकड्यावरून ओळखण्याची चाचणी बसवली. आपल्यासारख्या ठिकाणी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तालुक्याहून आलेला तुकडा मेणातच असतो. गोठवून ठेवायची सोय सगळीकडे नसते. त्या चारांपैकी डब्ल्यूएनटी प्रकारच्या मुलांचं बहुधा चांगलं होतं, म्हणून प्रकार ओळखणं म्हणजे त्या मुलाचं पुढचं आयुष्य ओळखणं. तिथंच डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटानं रेडिएशननंतर उरलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींचा माग काढला. महाराष्ट्राबाहेर मानेसरला एलोरा सेन यांनी ग्लायोमातल्या दाहावर आणि बंगळूरला कुमारवेल सोमसुंदरम यांनी ग्लायोमाच्या जनुकांवर दीर्घ काम केलं आहे.

सगळीकडे अपयशच आहे असं वाचकानं समजू नये. पियूषिका ग्रंथीत प्रोलॅक्टिनोमा नावाची गाठ होते. तिच्या पेशींवर डोपामिनचा रिसेप्टर असतो, आणि तो चेतवणारी कॅबरगोलिनची गोळी दिली की बहुतेक गाठी ऑपरेशनशिवाय आक्रसतात. मुलांच्या मंद वाढणाऱ्या ग्लायोमात बीआरएफ या जनुकात ठरावीक बदल असेल तर तो संदेश अडवणारी औषधांची जोडी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. शिवाय रिसेप्टर आता घडवताही येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून उभी केलेली नेक्सकार१९ ही कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशींवर घडवलेला रिसेप्टर बसवणारी, उपचारपद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्य झाली. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. मेंदूच्या गाठीत असाच प्रयत्न बॉस्टनला झाला. मार्च २०२४ मध्ये छापून आलेल्या नोंदीत तिन्ही रुग्णांच्या गाठी काही दिवसांतच झपाट्यानं लहान झाल्या, पण त्यांतल्या दोघांच्या पुन्हा वाढू लागल्या. बातमीत पहिलं वाक्य आलं, दुसरं फार थोड्या ठिकाणी. संग्रहात दोन्ही आहेत.

स्टेरॉइडवरचा लेख मी मुद्दाम मागून घेतला. डेक्सामेथॅसोन हे औषध मेंदूच्या सुजेसाठी १९६१ पासून वापरात आहे, आणि त्यानं अनेकांची शुद्ध, वाचा, चालणं काही दिवसांत परत येतं. तेही रिसेप्टरवरच काम करतं, फक्त हा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. पण ते सूज उतरवतं तशी रोगप्रतिकाराची ताकदही उतरवतं, आणि जास्त दिवस जास्त मात्रेत दिलं तर साखर वाढते, मांड्यांचे स्नायू गळतात. मेंदूचा लिम्फोमा असेल तर बायोप्सीआधी दिलेल्या स्टेरॉइडनं तो इतका विरतो की तुकड्यात निदानच हाती लागत नाही. म्हणून ते किती, केव्हा आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. आणि ते मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं, हेही तितकंच खरं.

आणखी एका प्रश्नाला आम्ही स्वतंत्र जागा दिली आहे, कारण तो प्रत्येक घरातून येतो: हळद द्यायची का? दाहाचा कर्करोगाशी संबंध वर्तमानपत्रांतून पोचला तसा हा प्रश्नही पोचला. हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी अडवतं, हे १९९५ पासून नोंदलेलं आहे. पण तोंडानं घेतलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, पडद्यापलीकडे मेंदूत त्याहून थोडं, आणि मेंदूच्या गाठीत त्यानं आयुष्य वाढल्याचं कोणत्याही नीट घेतलेल्या चाचणीत दिसलेलं नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. मिरीच्या अर्कासह दाबून भरलेल्या हळदीच्या गोळ्यांनी मात्र काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमो चालू असताना यकृत आधीच राबत असतं. 'दाह कमी करणारा आहार' विकणाऱ्यांनी आजारी माणसाच्या घरातला शेवटचा पैसा काढून नेऊ नये, हे आम्हाला कळकळीनं वाटतं.

हे सगळं आत्ताच का? २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच जनुक बदललेलं नसेल आणि ईजीएफआरच्या प्रती वाढलेल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणाऱ्या पसरट ग्लायोमालाही ग्लायोब्लास्टोमाच म्हणावं असं ठरलं. बेली-कुशिंगची डोळ्यांनी पाहण्याची चौकट तिथं पुरती संपली. आता रिसेप्टरची चाचणी झाली नाही तर निदानच अपुरं राहू शकतं. आयडीएचच्या सर्वांत नेहमीच्या बदलासाठी रंगाची स्वस्त चाचणी आहे आणि ती जिल्ह्याच्या गावीही करता येते. ईजीएफआर आणि एमजीएमटी बहुधा बाहेर पाठवावं लागतं. नाशकात रेडिएशन आणि मेंदूची शल्यचिकित्सा दोन्ही आहे, १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही याच शहरात आहे. त्याच्या छत्राखाली शिकणाऱ्या हजारो मुलामुलींत नर्सिंगची, आयुर्वेदाची, फिजिओथेरपीची मुलं आहेत. रुग्णाच्या उशाशी डॉक्टरांहून जास्त वेळ तीच असतात. त्यांच्यासाठी मराठीत या विषयावर सलग लिहिलेलं काही असावं, ही या संग्रहामागची निकड.

संग्रह काय करत नाही तेही सांगायला हवं. शरीरात दुसरीकडे झालेला कर्करोग मेंदूत पसरतो, त्याबद्दल इथं थोडंच आहे. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. मेनिंजिओमासारख्या बहुधा सौम्य गाठी उल्लेखापुरत्याच येतात. लेखकांची मतं सगळीकडे जुळत नाहीत, विशेषतः दाह शमवणं उपयोगी की घातक या प्रश्नावर. ॲलर्जीची प्रकृती असलेल्यांत ग्लायोमाचं प्रमाण कमी आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं निरीक्षण एकानं जागरूक प्रतिकारशक्तीचा पुरावा म्हणून मांडलं आहे, तर दुसऱ्यानं त्यावर फार इमारत उभारू नये असं बजावलं आहे. मी दोन्ही तसंच ठेवलं. जिथं विज्ञान स्वतः वाद घालत आहे तिथं वाचकाला खोटा एकमताचा दिलासा देणं मला पटत नाही.

शेवटच्या लेखात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही करायला ठेवल्या जाणाऱ्या संमतिपत्रांची भाषा ओळीओळीनं सोपी केली आहे, आणि त्यात गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू द्यायचा की नाही, या ओळीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. पुण्याच्या त्या पेशींच्या ओळी आणि खारघरची ती चाचणी अशाच तुकड्यांतून उभी राहिली. सही करणारा नकार देऊ शकतो, नकारामुळे उपचारात काही कमी होत नाही, आणि होकार दिला तर तुकड्याचं पुढे काय होतं, हे तिथं सांगितलं आहे. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी पुस्तक त्या लेखापासून उघडलं तरी चालेल.